रोमच्या घेट्टोतला वैद्य आणि रब्बी: याकोव झहलोन

केशरी_पान
सतराव्या शतकातल्या ज्यू वैद्यांबद्दल सध्या वाचते आहे. त्यातला एक माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

याकोव झहलोन. जन्म रोममध्ये, १६३० साली. घराणं मूळचं स्पेनकडचं. वैद्यकी आणि धर्मशास्त्र दोन्ही शिकला आणि रोमच्या ज्यू वस्तीत वैद्य आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अशी दोन्ही कामं करत राहिला. १६८० मध्ये फेराराला रब्बी म्हणून गेला, तिथेच १६९३ मध्ये वारला.

ती वस्ती म्हणजे घेट्टो. १५५५ मध्ये पोप चौथा पॉल याने फर्मान काढून रोममधल्या सगळ्या ज्यूंना टायबर नदीकाठच्या चार-दोन गल्ल्यांत कोंडलं. भोवती भिंत, रात्री दरवाजे बंद. जमीन सखल, नदीला पूर आला की पाणी आधी यांच्या घरात. जुन्या-पान्या वस्तूंचा आणि चिंध्यांचा व्यापार सोडून बहुतेक धंदे बंद. आणि त्याच फर्मानात एक कलम: ज्यू वैद्याने ख्रिस्ती रोग्याला हात लावायचा नाही.

१६५६ मध्ये नेपल्सकडून रोममध्ये प्लेग आला. घेट्टोचे दरवाजे दिवसाही बंद झाले. त्या महिन्यांची हकीकत झहलोनने स्वतः लिहून ठेवली आहे. वैद्य रोग्याच्या घरी जाताना हातात डांबराची मोठी मशाल घेई, हवा शुद्ध राहावी म्हणून. तोंडात थेरिएक धरलेलं असे. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जमायला बंदी. तेव्हा नोव्हेंबर १६५६ मधल्या एका शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, झहलोनने कातालाना गल्लीत एका घराच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून प्रवचन दिलं, लोक खाली रस्त्यावर उभे. नंतर एकदा तोस्काना गल्लीत, असंच खिडकीतून. नऊ महिन्यांत घेट्टोतली सुमारे ८०० माणसं गेली.

माझा प्रश्न असा. रोग देवाने धाडला असं मानायचं आणि त्याच रोगावर उतारा शोधत दारोदार फिरायचं, हे एका माणसाच्या मनात कसं मावत असेल? तुम्हाला काय वाटतं, तो आधी वैद्य होता की आधी रब्बी?

चिंचपोकळी_लोकल
वाचतोय. धागा वर राहू दे.

मुक्ता_वाचक
सुरेख विषय. थेरिएक म्हणजे काय ते जरा सांगाल का?

आडवाटेचा_वाटसरू
@मुक्ता_वाचक, थेरिएक हे ग्रीक-रोमन काळापासून चालत आलेलं सर्वविषहारी औषध. साठच्या आसपास घटक: अफू, दालचिनी, गंधरस, मध आणि मुख्य म्हणजे विषारी सापाचं मांस. व्हेनिसचं थेरिएक सगळ्यात नावाजलेलं. भेसळ होऊ नये म्हणून तिथले औषधवाले ते चौकात, सगळ्यांसमोर, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली बनवत.

सापाचं मांस ज्यू धर्मात निषिद्ध, तरी रब्बी ते तोंडात धरून फिरतो. जीव वाचवायचा असेल तर खाण्यापिण्याचे नियम बाजूला, हे त्यांच्या धर्मशास्त्रातच आहे. म्हणजे मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्या तोंडातच होतं म्हणा ना.

शंकेखोर
मी थोडं कडवट लिहितो, राग नसावा.

मशाल आणि थेरिएक या दोन्हींनी एकही माणूस वाचलेला नाही. संपूर्ण रोममध्ये त्या साथीत सव्वा लाखाच्या आसपास वस्तीपैकी साडेचौदा हजार दगावले, म्हणजे साधारण आठातला एक. घेट्टोत चार हजारांच्या वस्तीत ८००, म्हणजे पाचातला एक. ज्यांच्याकडे रब्बी-वैद्य होते तिथे जास्त माणसं मेली. माणूस धीराचा होता हे मान्य, पण त्याला मोठा वैद्य म्हणण्यात काय अर्थ आहे?

भूलतज्ज्ञ_ताई
@शंकेखोर, आकडे बरोबर मांडलेत, पण निष्कर्ष माझ्या पचनी पडत नाही. एका खोलीत सात-आठ माणसं, अरुंद गल्ल्या, उंदरांना पोषक जागा, दरवाजे बंद आणि कमाई बाहेर अडकलेली. ही वस्ती निरोगी ठेवणं आजच्या डॉक्टरलाही जमलं नसतं. पाचातला एक का गेला याचं उत्तर भिंतीत आहे, वैद्यात नाही.

दुसरं असं की १६५६ मध्ये कोणत्याही वैद्याकडे याहून बरं काही नव्हतं. पोपच्या खास वैद्याकडेही हेच. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो हे सिमॉंने कराचीत सिद्ध केलं ते १८९८ मध्ये. यर्सिनला जिवाणू सापडला हाँगकाँगमध्ये, १८९४ साली. झहलोनच्या आणि त्यांच्या मध्ये अडीचशे वर्षं आहेत.

तिसरं. रोग्याला नुसतं जाऊन बघणं हेही वैद्यकीच आहे. करोनात मी ज्या रुग्णालयात होते तिथे सुरुवातीला रोग्याजवळ जायलाच लोक कचरत. औषध आमच्याकडेही नव्हतं. पण रोज सकाळी कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय, यावर काही माणसं तग धरून राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नातेवाईक काचेपलीकडे. त्यामुळे ते खिडकीतलं प्रवचन वाचलं आणि पुढचं वाचायला मला वेळ लागला.

शंकेखोर
ताई, तुमचा तिसरा मुद्दा मी मनापासून घेतो. पहिल्या दोन्हीवर वाद घालायला मात्र मी येणार आहे.

जुना_जाणता
त्याच साथीत, त्याच रोममध्ये आणखी एक माणूस होता हे इथे आलं पाहिजे. आथानासिउस किर्शर, जेझुइट पाद्री. त्याने प्लेगच्या रोग्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यात बारीक किडे दिसतात असं १६५८ मध्ये छापलं. त्याच्या भिंगातून प्लेगचा जिवाणू दिसणं शक्यच नव्हतं. त्याने बहुधा रक्तपेशी पाहिल्या. पण रोग सजीवांमुळे पसरतो हा विचार त्याने मांडला.

त्या एका शहराचं चित्र बघा. टायबरपलीकडचा त्रास्तेवेरेचा भाग एका रात्रीत कुंपण घालून तोडलेला. टायबरमधल्या बेटाचं लाझारेत्तो, म्हणजे रोग्यांना वेगळं ठेवायची जागा, केलेलं, आणि ते बेट घेट्टोच्या अगदी समोर. नदीच्या एका अंगाला पाद्री भिंगात बघतोय आणि काठावरच्या भिंतीआड रब्बी मशाल घेऊन जिने चढतोय. दोघेही देवाचीच माणसं. पाद्र्याला अख्खं शहर मोकळं होतं, रब्बीला चार गल्ल्या.

रेवदंडेकर
धागा पाहून फार आनंद झाला. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, गाव रेवदंडा, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते. नातवाला मराठी वाचून दाखवायचं निमित्त मिळालं.

आमच्या कोकणातल्या समाजात रब्बी असण्याची परंपराच नव्हती. प्रार्थना सांगायला हजान, आणि घरच्या मोठ्या बाईमाणसांकडून पाळणूक. त्यामुळे लहानपणी मला रब्बी म्हणजे दाढीवाला गंभीर माणूस एवढंच ठाऊक. रब्बी जखमेला मलम लावतो, रेच देतो, हे इथे आल्यावर कळलं.

केशरीताई, तुमच्या प्रश्नाबद्दल. आमच्यात हा पेच फार जुना आहे आणि त्याचा निकालही जुनाच आहे. तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, निर्गमच्या २१व्या अध्यायात, मारामारीत दुसऱ्याला जखमी करणाऱ्याने त्याच्या उपचाराचा खर्च द्यावा असं आहे. त्यावरून तालमूदने, म्हणजे जुन्या रब्बींच्या धर्मचर्चांच्या संग्रहाने, ठरवलं की वैद्याला बरं करायची परवानगी देवानेच दिली आहे. आणि जीव धोक्यात असेल तर शब्बाथही मोडायचा. नुसती मुभा नाही, ते कर्तव्य आहे. म्हणून रब्बीने शनिवारी रोग्याकडे मशाल पेटवून जाणं यात आम्हाला काही विचित्र वाटत नाही.

आता तालमूदचीच दुसरी बाजू. तिथे असंही म्हटलंय की वैद्यांतला उत्तमोत्तम नरकात जातो! का, यावर टीकाकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. कुणी म्हणतो गर्वामुळे, कुणी म्हणतो गरिबाला तपासत नाही म्हणून. इथल्या डॉक्टर मंडळींनी ऐकलं नाही असं समजा.

भूलतज्ज्ञ_ताई
ऐकलं. भूल देणाऱ्यांचा त्यात समावेश नाही असं मी धरून चालते.

पाणिनीचा_शेजारी
रेवदंडेकरताईंनी धार्मिक बाजू छान सांगितली. मी पैशाची सांगतो, कारण हे दोन पेशे एका माणसात येण्यामागे ती मोठी आहे.

धर्मज्ञान विकून पोट भरू नये, तोराचं कुदळ करून जमीन खणू नये, असं ज्यू नीतिवचनांत आहे. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस या बाबतीत फारच कडक होता, आणि तो स्वतः कैरोत वैद्यकी करत असे. मग विद्वानाने खायचं काय? शेतजमीन घ्यायला बंदी, बहुतेक धंद्यांच्या संघटनांत प्रवेश नाही. वैद्यकी हा असा धंदा की त्यात पुस्तकं लागतात, मान मिळतो आणि लोकांना गरज पडतेच. म्हणून इटलीत रब्बी-वैद्यांची रांगच दिसते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा ओवाद्या स्फोर्नो, त्याचं बायबलवरचं भाष्य आजही वाचलं जातं, तोही वैद्यच.

शिकायचं कुठे हा पुढचा प्रश्न. युरोपातली बहुतेक विद्यापीठं ज्यूंना दारात उभं करत नसत. व्हेनिसच्या राज्यातलं पदुआ हा अपवाद. १५६४ मध्ये पोपने फर्मान काढलं की पदवी घेताना कॅथलिक श्रद्धेची शपथ घ्यायची. व्हेनिसच्या सरकारला परदेशी विद्यार्थी, म्हणजे त्यांचा पैसा, सोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी १६१६ मध्ये शपथेविना पदवी देणारी वेगळी व्यवस्था उभी केली. त्या वाटेने पुढे दोनशेहून जास्त ज्यू डॉक्टर झाले. पण भुर्दंड होताच. फी जास्त. शिवाय पदवी मिळाली की ज्यू विद्यार्थ्याने इतर विद्यार्थ्यांच्या मंडळांना मिठाई वाटायची, तीही १७० पौंड!

चिंचपोकळी_लोकल
१७० पौंड म्हणजे पंचाहत्तर किलोच्या वर. आमच्याकडे निकालाला अर्धा किलो पेढ्यांवर भागवतात. जगात अन्याय फार.

मांडवी_काठ
@पाणिनीचा_शेजारी, पदुआ नसलेल्यांचं काय झालं ते मी सांगतो. थोडं अवांतर आहे, पण गोव्यातलं आहे म्हणून राहवत नाही.

गार्सिया द ऑर्ता. पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदेचा, जबरदस्तीने बाटवलेल्या ज्यू घरातला. १५३४ मध्ये गोव्याला आला आणि जन्मभर इथेच वैद्यकी केली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याची दोस्ती, तिथे जाऊन त्याने उपचारही केले. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूपी पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. हिंग, भांग, आंबा, फणस, पटकी, सगळं त्यात आहे, आणि इथल्या वैद्य-हकिमांचं म्हणणंही तो नोंदवतो.

१५६८ मध्ये तो गेला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, गोव्यात जाळलं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं उकरून काढून तीही जाळली. पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. तिथे बाकावर बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

झहलोनला भिंतीआड का होईना, हिब्रूतून देवाचं नाव घेता येत होतं. ऑर्ताला तेवढंही नाही.

जुना_जाणता
मांडवीकाठ, हे अवांतर नाहीच. भिंतीच्या आत राहून ज्यू राहणं आणि भिंतीबाहेर राहून ते लपवणं, त्या काळच्या ज्यू वैद्यापुढे याच दोन वाटा होत्या.

आडवाटेचा_वाटसरू
तिसरी वाट होती, जुनेजाणते. फिरत राहण्याची!

योसेफ श्लोमो देलमेदिगो. जन्म १५९१, क्रीटमधल्या कांदियाचा. पदुआत वैद्यकी शिकला आणि तिथे गॅलिलिओचं गणित-खगोल ऐकलं. गॅलिलिओच्या दुर्बिणीतून आकाश पाहिल्याचं त्याने लिहून ठेवलंय, आणि त्याचा उल्लेख तो ‘माझे गुरू’ असा करतो. मग कैरो, तिथे एका अरब गणितज्ञाशी जाहीर स्पर्धा. मग कॉन्स्टँटिनोपल. मग लिथुआनियात राजपुत्र रादझिविलचा वैद्य. मग हॅम्बुर्ग, ॲम्स्टरडॅम, फ्रँकफुर्ट, शेवटी प्राग. १६२९ मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याचं ‘सेफेर एलीम’ छापलं गेलं. लिथुआनियातल्या एका कराइट, म्हणजे तालमूद न मानणाऱ्या ज्यू पंथातल्या, विद्वानाने विचारलेल्या गणिताच्या, खगोलाच्या, भौतिकाच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं आहेत त्यात. १६५५ मध्ये प्रागला वारला, कबर जुन्या ज्यू दफनभूमीत अजून आहे.

आणि त्याच्या अगदी उलट, तुविया कोहेन. जन्म मेत्झ, १६५२. फ्रँकफुर्ट-आन-देर-ओदरच्या विद्यापीठात ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरच्या, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाच्या, शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, पण ज्यू म्हणून पदवी मिळेना. शेवटी पदुआत डॉक्टर झाला, पुढे ऑटोमन सुलतानांच्या दरबारी वैद्य. १७०७ मध्ये व्हेनिसला त्याचं ‘मासे तुविया’ निघालं. त्यातलं एक चित्र जरूर शोधून बघा: एका बाजूला पोट उघडलेला माणूस आणि शेजारी चार मजली घर. डोळे म्हणजे वरच्या खिडक्या, जठर म्हणजे चुलीवरचं भांडं. आणि हाच आधुनिक वैद्य कोपर्निकसला सैतानाचा थोरला मुलगा म्हणतो! शरीरात नवं सगळं चालेल, पण पृथ्वी हलवायची नाही.

मुक्ता_वाचक
देलमेदिगोवर स्वतंत्र धागा हवा. असा माणूस दोन परिच्छेदांत संपवलात!

शंकेखोर
बरं, मूळ प्रश्नाकडे येतो. माझा आक्षेप जरा नेमका करतो. रब्बी आणि वैद्य एकाच माणसात असले की शास्त्राचं काय होतं? धर्मग्रंथ आणि डोळ्यांना दिसणारं, यांत टक्कर झाली तर हे लोक कुणाची बाजू घेतात? तुविया कोहेनचं कोपर्निकसबद्दलचं वाक्य माझ्याच बाजूला जातं.

पाणिनीचा_शेजारी
@शंकेखोर, या प्रश्नासाठी मी दोन दिवस थांबलो होतो. उत्तर आहे, आणि ते उवेचं आहे.

इत्झाक लाम्प्रोन्ती. जन्म फेरारा, १६७९. म्हणजे झहलोन फेरारात रब्बी होता तेव्हा हा तिथल्याच गल्ल्यांत वाढणारा पोरगा. पदुआत वैद्यकी शिकला, पुढे फेराराचा रब्बी आणि वैद्य झाला. त्याचं जन्मभराचं काम म्हणजे ‘पाखाद यित्झाक’, ज्यू धर्मशास्त्राचा अक्षरक्रमाने लावलेला अजस्र कोश. पहिले खंड १७५० च्या सुमारास व्हेनिसला निघाले, शेवटचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनला. लेखक १७५६ मध्येच गेला होता.

या कोशात एक नोंद आहे शब्बाथला प्राणी मारण्याबद्दल. शब्बाथला जीव मारायचा नाही. पण तालमूद म्हणतं, उवा मारायला हरकत नाही, कारण त्या नर-मादीपासून होत नाहीत, घामातून-मळातून आपोआप होतात. लाम्प्रोन्ती वैद्य. १६६८ मध्ये फ्रान्चेस्को रेदीने मांस झाकून ठेवलं तर त्यात अळ्या होत नाहीत हे दाखवलं होतं. सगळे जीव अंड्यातूनच होतात हे मत पक्कं होत चाललं होतं. लाम्प्रोन्तीने लिहिलं की नव्या शोधांनंतर ज्याला पापापासून दूर राहायचंय त्याने शब्बाथला ऊ आणि पिसू दोन्ही मारू नयेत. वर असंही सुचवलं की जुन्या विद्वानांनी हे प्रकरण आता फिरून तपासलं असतं.

त्याचे गुरू मान्तुआचे रब्बी येहुदा ब्रिएल. त्यांनी कडक उत्तर धाडलं: परक्यांच्या संशोधनावरून आपला परंपरागत निर्णय हलवायचा नाही. आणि लाम्प्रोन्तीने काय केलं? गुरूंचं पत्र कोशात जसंच्या तसं छापलं आणि स्वतःचं मतही छापलं. दोन्ही आजतागायत शेजारी शेजारी आहेत.

शंकेखोर
आता मजा आली. पण बघा, त्याने शास्त्र वापरलं ते नियम आणखी कडक करायला. सवलत काढून घ्यायला!

रेवदंडेकर
@शंकेखोर, त्यातच तर त्याची हुशारी आहे हो. नियम सैल करायला निघाला असता तर कुणी ऐकलंच नसतं. कडक बाजूने गेला म्हणून शास्त्राला घरात घेता आलं. माझे सासरे म्हणायचे, सिनेगॉगमध्ये नवी खुर्ची आणायची असेल तर आधी म्हणायचं की जुनी फार आरामशीर आहे.

चिंचपोकळी_लोकल
इतक्या विद्वान मंडळींनी उवेवर एवढा खल केला, आणि मी चाळीत फणी घेऊन बसायचो.

मांडवी_काठ
लाम्प्रोन्तीची कबर नाही म्हणे?

पाणिनीचा_शेजारी
फेरारा पोपच्या राज्यात होतं आणि तिथे ज्यूंना कबरीवर कोरीव दगड उभारायला मनाई होती. म्हणून जागा सापडत नाही. १८७२ मध्ये, पोपचं राज्य संपल्यावर, गावाने त्याच्या घरावर फलक लावला. विन्यातालियाता नावाच्या रस्त्यावर आहे.

भूलतज्ज्ञ_ताई
केशरीताई, झहलोनच्या पुस्तकाबद्दल सांगा ना. तुम्ही हकीकत सांगितलीत, पुस्तक राहिलं.

केशरी_पान
सांगते. दोन दिवस कामात अडकले होते, आता सगळे प्रतिसाद वाचले. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

प्लेगची हकीकत ज्या ग्रंथात आहे तो ‘ओत्सर हा-हाय्यीम’, म्हणजे जीवनाचं भांडार. व्हेनिस, १६८३. संपूर्ण वैद्यकी, हिब्रूत. आरोग्याचे नियम, ताप, नाडी, लघवीची परीक्षा, विषं, स्त्रियांचे आणि मुलांचे आजार. तेरा भाग योजले होते. तेरावा मनाच्या आजारांचा होता, तो पैशांअभावी छापलाच गेला नाही. माझं मन त्या तेराव्या भागापाशी अडकतं. नऊ महिने कोंडलेल्या, रोज तिरडी बघणाऱ्या वस्तीत ज्याने काम केलं, त्याने मनाच्या आजारांवर काय लिहिलं असतं!

त्याआधी १६६५ मध्ये त्याचं दुसरं पुस्तक आलं होतं, ‘मार्गालियोत तोवोत’. हे धर्म-नीतीचं. बाख्या इब्न पाकुदाच्या मनःशुद्धीवरच्या प्रसिद्ध ग्रंथाचं छोटं रूप, महिनाभर रोज थोडं वाचावं म्हणून तीस भागांत. त्यात वेगवेगळ्या प्रार्थना आहेत आणि त्यात एक वैद्याची प्रार्थना. त्यात तो म्हणतो की बरं करणारा तू आहेस, मी नाही. माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस. पाच शतकं आधी वैद्य-कवी येहुदा हालेवीनेही असंच म्हटलं होतं, की माझ्या औषधावर माझा भरवसा नाही, तुझ्यावर आहे. मायमोनिडीसची म्हणून जी वैद्यांची प्रार्थना दवाखान्यांत लावलेली असते, ती पहिल्यांदा १७८३ मध्ये जर्मन मासिकात छापली गेली आणि मार्कुस हेर्त्झ या बर्लिनच्या वैद्याशी तिचं नाव जोडलं जातं. झहलोनची तिच्याआधी शंभराहून जास्त वर्षांची आहे.

आणि तिसरं, प्रवचन कसं रचावं आणि कसं द्यावं याची मार्गदर्शिका, ‘ओर हा-दार्शानीम’. ही तर तीन शतकं हस्तलिखितातच पडून होती.

मुक्ता_वाचक
थांबा, हे फिरून एकदा बघू. वैद्याची प्रार्थना नीतीच्या पुस्तकात. आणि खिडकीतली प्रवचनं कुठे आहेत म्हणालात? वैद्यकीच्या ग्रंथात?

केशरी_पान
हो. ‘ओत्सर हा-हाय्यीम’मध्येच. प्लेगच्या प्रकरणात.

मुक्ता_वाचक
मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच दिलंय की, केशरीताई!

त्याच्यासमोर दोन पुस्तकं होती. मशाल वैद्यकीच्या पुस्तकात आणि प्रवचन धर्माच्या पुस्तकात, असं तो सहज करू शकला असता. प्रवचन कसं द्यावं यावर तर त्याचं अख्खं लेखन आहे, खिडकीतला प्रसंग तिथे शोभला असता. पण त्याने तो नाडी, ताप आणि विषांच्या ग्रंथात ठेवला, मशालीच्या आणि थेरिएकच्या शेजारी. गल्लीची नावं लिहिली, शब्बाथ कोणता तेही लिहिलं. पुढच्या वैद्याला कळावं की साथीत हेही करायचं असतं. आणि वैद्याने रोग्याकडे कोणत्या मनाने जावं हे मात्र रोज वाचायच्या नीतीच्या पुस्तकात. त्याच्या लेखी ही एकाच कामाची दोन टोकं होती. ‘आधी कोण’ हा प्रश्न आपल्याला पडतो, त्याला पडला नसावा.

भूलतज्ज्ञ_ताई
मुक्ता, शंभर टक्के सहमत. आजच्या साथरोगांच्या पाठ्यपुस्तकात ‘कोंडलेल्या लोकांशी रोज बोला’ हे प्रकरण असायला हवं. त्याने ते १६८३ मध्ये लिहिलं.

जुना_जाणता
त्या शब्बाथच्या वाचनाबद्दल एक भर घालतो. तो शब्बाथ ‘तोलदोत’चा होता. त्या आठवड्याचं तोराचं ठरलेलं वाचन म्हणजे इसहाकाच्या दोन मुलांची गोष्ट, याकोब आणि एसाव. आणि खिडकीत उभा असलेला वैद्यही याकोबच. खालच्या गर्दीला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही.

रेवदंडेकर
जुनेजाणते, अंगावर काटा आला. तो एसाव म्हणजे रोम, असं आमचे रब्बी शतकानुशतकं शिकवत आले आहेत. रोमच्याच भिंतीआड उभं राहून ते वाचन.

प्लेगवरून हाफकिनची आठवण झाली. ओदेसाचा ज्यू, १८९७ मध्ये मुंबईत भायखळ्याला बसून प्लेगची लस काढली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्याचंच नाव. झहलोनच्या हातात मशालीऐवजी ती कुपी असती तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

शंकेखोर
मशाल आणि थेरिएक निरुपयोगी होते, या मतावर मी ठाम आहे. हाफकिनच्या उल्लेखाने ते पक्कंच झालं. लस आली तेव्हा माणसं वाचली.

पण मुक्ता यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. मी त्याला औषधाच्या परिणामावर तोलत होतो. औषध चालत नाही हे त्या नऊ महिन्यांत त्याला माझ्यापेक्षा जास्त नीट दिसलं असणार. तरी तो जिने चढत राहिला, आणि नंतर जे केलं ते क्रमाने लिहून ठेवलं, पुढच्याला उपयोगी पडावं म्हणून. नोंद ठेवणाऱ्या वैद्याला मी वैद्य म्हणतो. मोठा की नाही ते तुम्ही ठरवा.

आडवाटेचा_वाटसरू
शंकेखोर एवढं म्हणाले म्हणजे धागा सार्थकी लागला.

केशरी_पान
सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ता, तू म्हणतेस ते मी त्या दोन पुस्तकांची नावं एका वहीत लिहूनही पाहिलं नव्हतं. आता प्लेगचं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलंय, या नजरेने.

वाटसरू, देलमेदिगोचा धागा तुम्हीच काढा, कैरोच्या गणित-स्पर्धेपासून सुरुवात करा. उवेचा वाद ज्यांना पुढे न्यायचाय त्यांनी पाणिनींच्या मागे लागून लाम्प्रोन्तीचा वेगळा धागा काढून घ्यावा. रेवदंडेकरताई, कोकणातल्या हजानांबद्दल आणि तुमच्या लहानपणीच्या प्रार्थनांबद्दल लिहाल का? ते दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

रेवदंडेकर
लिहिते. दिवाळीनंतर. नातवाला टंकायला बसवते.